जखम भरल्यानंतरची वाट : कमलाबाई निंबकर

राळेगाव तालुक्यात खरीप निघू लागला की शिवारात मळणी यंत्रांची घरघर सुरू होते. आधी सोयाबीन, मग तूर, पुढे गहू आणि हरभरा. अशा दिवसांत कुणाचा तरी हात यंत्रात ओढला जातो, कडबाकुट्टीत बोटे जातात, कुणी भरल्या बंडीवरून पडतो आणि पाठीचा कणा दुखावतो. वडकीवरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग आपला वाटा वेगळाच वसूल करतो. जखमीला यवतमाळला, सेवाग्रामला किंवा थेट नागपूरला नेले जाते. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, सुटीचा कागद हातात पडतो आणि जीव वाचला म्हणून घरचे देवाला नारळ फोडतात.

खरा प्रश्न घरी आल्यावर उभा राहतो. विळा मुठीत धरता येईल काय? बोंडातून कापूस वेचायला अंगठा आणि दोन बोटांची जी चिमट लागते, ती पुन्हा जमेल काय? कंबरेखालचे अंग लुळे पडले असेल तर संडासला कसे जायचे, अंगावर शय्याव्रण होऊ नये म्हणून रात्री कुणी कितीदा कूस बदलून द्यायची? शल्यचिकित्सकाचे काम जेथे संपते, तेथून हे प्रश्न सुरू होतात आणि कित्येकदा आयुष्यभर पुरतात. त्यांची उत्तरे शास्त्रशुद्ध रीतीने शोधणाऱ्या विद्येला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही विद्या १९५८ पासून शिकवली जाते. ती भारतात आणणारी स्त्री जन्माने अमेरिकन होती, संसाराने मराठी होती आणि तिचे नाव होते कमला विष्णु निंबकर.

व्यवसायोपचार हे नाव थोडे फसवे आहे. व्यवसाय म्हटले की सामान्य माणसाला धंदा किंवा नोकरी आठवते. येथे मात्र माणसाला ज्यात गुंतून राहावे लागते ते सारे व्यवसायच. सदऱ्याची गुंडी लावणे, केस विंचरणे, भाकरी थापणे, विहिरीवरून पाणी ओढणे, शाळेच्या पाटीवर अक्षर गिरवणे, हे सगळे त्यात येते. भौतिकोपचार सांध्याची हालचाल आणि स्नायूंचे बळ परत आणण्याचा यत्न करतो. व्यवसायोपचार त्या हालचालीला रोजच्या कामाशी जोडतो. जी हालचाल परत येणारच नाही, तिच्यावाचून काम कसे भागवायचे, हेही तोच शिकवतो. चमच्याचा दांडा जाड करणे, दुखऱ्या हातासाठी आधारपट्टी घडवणे, चुलीची उंची बदलणे अशा वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींमागे शरीरशास्त्राचा आणि मनोव्यापारांचा पक्का अभ्यास असावा लागतो. नाहीतर चांगल्या हेतूने बांधलेली पट्टी बोटे कायमची आखडून टाकते. हात दुखावल्यानंतरचे पहिले काही आठवडे या बाबतीत फार मोलाचे असतात आणि नेमके तेच आपल्याकडे वाया जातात.

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. घराणे क्वेकर पंथाचे. या पंथाला युद्ध मान्य नाही, मात्र युद्धात मोडलेल्या माणसांची सेवा हे तो कर्तव्य समजतो. योगायोग असा की व्यवसायोपचाराचे एक मूळही याच पंथात सापडते. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ साली मनोरुग्णांसाठी एक आश्रयस्थान उघडले. साखळदंड आणि मारहाण टाळून रुग्णांना बागकाम, शिवणकाम अशा कामांत गुंतवले तर ते सावरतात, हा तेथील अनुभव पुढे युरोप-अमेरिकेत पसरला. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक हातपाय गमावून, मने विस्कटून परतले, तेव्हा या जुन्या अनुभवाला नव्या शास्त्राची जोड मिळाली. १९१७ साली अमेरिकेत या उपचाराची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

त्या संघटनेच्या आरंभीच्या इतिहासातील एक गोष्ट कमलाबाईंच्या पुढील कार्याच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. युद्धाच्या घाईत काही आठवड्यांचे शिक्षण देऊन साहाय्यिका तयार केल्या गेल्या होत्या. युद्ध संपल्यावर यांतील जाणते कोण आणि केवळ हौशी कोण, हे ठरवण्याची वेळ आली. तेव्हा संघटनेने १९२३ साली शिक्षणाची किमान मानके ठरवली आणि १९३५ साली वैद्यक संघटनेच्या सहकार्याने शाळांची तपासणी सुरू झाली. नोंदणीपुस्तकही त्याच सुमारास आले. आधी शाळा, मग संघटना, मग मानके आणि नोंदणी, हा क्रम एखाद्या सेवेला व्यवसायाची प्रतिष्ठा कशी देतो, याचा हा नमुना होता. कमलाबाईंनी पुढे भारतात जे केले, ते याच नमुन्यावर.

विष्णु निंबकर यांच्याशी विवाह ठरवून एलिझाबेथ लंडी १९३० मध्ये भारतात आल्या आणि कमला झाल्या. तो मिठाच्या सत्याग्रहाचा काळ. गोऱ्या कातडीकडे संशयाने पाहिले जाण्याचे ते दिवस असताना एका अमेरिकन स्त्रीने मराठी घरात सून म्हणून येणे सोपे नव्हते. दुसऱ्याच वर्षी पुत्र बनबिहारी यांचा जन्म झाला. पुढे फलटणला शेतीसंशोधन संस्था उभारणारे आणि २००६ साली पद्मश्रीने गौरवले गेलेले बनबिहारी निंबकर ते हेच. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर या कमलाबाईंच्या सूनबाई.

चाळिशी उलटल्यावर, मूल मोठे झाल्यावर, माणसे साधारणपणे नवी विद्या शिकायला जात नाहीत. कमलाबाई गेल्या. दुसऱ्या महायुद्धाने अमेरिका आणि इंग्लंडमधील पुनर्वसनशास्त्राचे रूप पालटून टाकले होते. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेला सैनिक बहुधा काही महिन्यांत शय्याव्रणाने किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत असे. आता नवी औषधे आली होती आणि इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ पासून लुडविग गुटमान असे रुग्ण चाकांच्या खुर्चीवर बसवून कामाला आणि खेळायलाही लावत होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाची शाळा व्यवसायोपचाराच्या सर्वांत जुन्या शाळांपैकी एक. तेथे कमलाबाईंनी रीतसर शिक्षण घेतले आणि त्या मुंबईला परतल्या.

त्या वेळी भारतात या बाबतीत अगदीच काही नव्हते असे नाही. लष्कराने आपल्यापुरती सोय केली होती. पहिल्या महायुद्धातील जखमी जवानांना हस्तव्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज ही संस्था १९१७ साली मुंबईत निघून पुढे खडकीला गेली होती. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे. मुंबईत फातेमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी काम सुरू केले होते. परंतु गिरणीच्या पट्ट्यात हात गेलेला कामगार, रुळांवर पाय गमावलेला हमाल किंवा झाडावरून पडलेला शेतकरी यांच्यासाठी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर काहीच नव्हते. त्यांनी उरलेले आयुष्य घराच्या ओट्यावर काढायचे किंवा देवळाच्या पायरीवर.

परळचे के.ई.एम. रुग्णालय हे मुंबई महापालिकेचे, गिरणगावाच्या ऐन मध्यात उभे असलेले. तेथे कमलाबाईंनी १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भारतातील ही पहिलीच. तुलनेसाठी एवढे सांगितले तरी पुरे, की जपानमध्ये अशी पहिली शाळा निघायला १९६३ साल उजाडावे लागले.

येथे कमलाबाईंपुढे दोन वाटा होत्या आणि त्यांतील निवड त्यांच्या साऱ्या कार्याला अर्थ देते. देश नुकता स्वतंत्र झालेला, फाळणीचे घाव ताजे, पैसा थोडा, रुग्ण अगणित. चार-सहा महिन्यांत परिचारिकांना किंवा हस्तकला शिक्षकांना थोडेफार शिकवून वॉर्डात पाठवता आले असते. संख्या वाढली असती, वाहवाही झाली असती. कमलाबाईंनी ते केले नाही. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, रोगांची ओळख हे सारे शिकायचे. विणकाम, सुतारकाम, टोपल्या विणणे ही कौशल्येही हस्तगत करायची, कारण त्या काळी उपचाराचे मुख्य साधन तीच होती. शिवाय जाणत्या उपचारकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर ठरावीक काळ काम करायचे. असा जगातील कोणत्याही शाळेच्या बरोबरीचा अभ्यासक्रम त्यांनी धरला.

या निवडीवर टीका होऊ शकते. गरीब देशाला श्रीमंतांची मापे कशाला, हा आक्षेप तेव्हाही घेता येण्यासारखा होता, आजही घेतला जातो. त्यात तथ्यही आहे. एका शाळेतून वर्षाकाठी बाहेर पडणारे मूठभर पदविकाधारक खेड्यापर्यंत पोहोचणार कधी? पण दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्याचा हात मोडला आहे त्याला उपचारकाच्या ज्ञानाची पारख करता येत नाही. औषधाचा गुण-अवगुण काही दिवसांत कळतो. चुकीच्या व्यायामाचा, चुकीच्या पट्टीचा तोटा कळायला वर्ष लागते आणि तोवर सांधा गोठलेला असतो. अशा ठिकाणी उपचारक कोण, तो कुठे शिकला, किती शिकला, आणि चुकला तर त्याला जाब कोण विचारणार, याची हमी रुग्णाच्या पलीकडे कुणीतरी द्यावी लागते. गरिबाला तर ती अधिकच हवी, कारण त्याला दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याची ऐपत नसते.

ही हमी देणारी यंत्रणा म्हणून कमलाबाईंनी १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन केली. त्या तिच्या संस्थापक अध्यक्ष. शाळा निघून जेमतेम दोन वर्षे झालेली, सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा ही घाई अनेकांना बारशाआधीच लग्न ठरवण्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. परंतु या घाईला कारण होते. त्याच वर्षी निरनिराळ्या देशांतील संघटना एकत्र येऊन जागतिक महासंघ स्थापन करीत होत्या. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे १९५२ मध्ये त्यासाठी बैठक झाली. महासंघाचे संस्थापक सदस्य दहा देश होते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, स्वीडन, डेन्मार्क, इस्राएल आणि भारत. नुकतेच पहिले पाऊल टाकणारा भारत या पंगतीत पहिल्याच दिवशी बसला, तो कमलाबाईंनी वेळेवर संघटना उभी केली म्हणून. महासंघाचे पहिले जागतिक अधिवेशन १९५४ साली एडिंबरा येथे भरले.

असल्या सदस्यत्वाचा रुग्णाला काय उपयोग, असे वाटणे स्वाभाविक आहे. पाटीवर लिहायला एक ओळ मिळाली, इतकेच नव्हे काय? तसे नाही. महासंघाचा पूर्ण सदस्य होण्यासाठी देशातील संघटनेला घटना हवी, आचारसंहिता हवी आणि महासंघाच्या किमान मानकांत बसणारा निदान एक अभ्यासक्रम त्या देशात चालू हवा. महासंघाने आरंभीच्या वर्षांतच शिक्षणाची ही मानके आखली, त्यांत वेळोवेळी सुधारणा केल्या. अलीकडच्या मानकांनुसार विद्यार्थ्याला निदान एक हजार तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते. म्हणजे परळच्या एका महापालिका रुग्णालयातील शाळेला आपला दर्जा जगापुढे सिद्ध करत राहण्याचे बंधन आले. खर्चात काटकसर म्हणून एखादा विषय गाळावा, शिक्षकांची जागा रिकामी ठेवावी, असे कुणाच्या मनात आलेच तर त्याला उत्तर देण्यासाठी संघटनेच्या हाती एक लेखी माप आले.

या मापाची किंमतही देशाला मोजावी लागली, हे नमूद केले पाहिजे. येथील पदविका परदेशात मान्य झाली तसे येथे शिकलेले अनेक जण इंग्लंड-अमेरिकेला गेले. तेथील रुग्णालयांत मराठी आडनावांचे व्यवसायोपचारक भेटतात आणि यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणी मात्र शोधावे लागतात.

मुंबईबाहेर पाऊल टाकायचे ठरले तेव्हा नागपूरची निवड झाली. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत नागपूरने राजधानीचा मान गमावला होता आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. १९४७ साली सुरू झालेले तेथील वैद्यकीय महाविद्यालय हे सारा विदर्भ आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांचे आशास्थान होते. सगळा विदर्भ त्याला नुसते मेडिकल म्हणूनच ओळखतो. तेथे १९५८ मध्ये देशातील दुसरी शाळा सुरू झाली. मुंबईच्या शाळेपुढे गिरणी कामगार होता, नागपूरच्या शाळेपुढे शेतकरी आला. हातमागावर बोटे चालवायला शिकवणाऱ्या या शास्त्राला विदर्भ तसा परका नव्हता. वर्ध्यात १९३७ पासून नई तालीम हस्तोद्योगातून शिक्षणाचा प्रयोग करीत होती. हाताला काम दिले की बुद्धीही जागी होते, ही कल्पना या मातीत रुजलेली होती. ती रुग्णाच्या बाबतीत मापून, तपासून, नोंदी ठेवून वापरणे हे नवे होते.

पुनर्वसन हे एका व्यवसायाचे काम नव्हे, याची कमलाबाईंना पूर्ण जाणीव होती. मुंबईत हाजीअली येथे १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने पुनर्वसनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. के.ई.एम.मध्येच १९५३ साली भौतिकोपचाराची शाळा निघाली आणि १९५५ मध्ये भौतिकोपचारकांचीही राष्ट्रीय संघटना झाली. दक्षिणेत वेल्लोरला डॉ. मेरी व्हर्गीस या स्वतः १९५४ सालच्या मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झालेल्या शल्यचिकित्सक चाकांच्या खुर्चीवरून शस्त्रक्रिया करू लागल्या आणि पुढे त्यांनी तेथे पुनर्वसन विभाग उभा केला. डॉक्टर, भौतिकोपचारक, व्यवसायोपचारक, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ, समाजसेवक या सर्वांना एकत्र आणणारे व्यासपीठ कमलाबाईंना हवे होते. त्यासाठी त्यांनी अपंगांच्या पुनर्वसनाला वाहिलेल्या भारतीय संस्थेत पुढाकार घेतला आणि आशियातील पुनर्वसनकार्यासाठी एक इंग्रजी नियतकालिक काढून ते अनेक वर्षे संपादित केले. परदेशी पुस्तकांत दिलेली साधने येथे मिळत नाहीत, येथील रुग्ण जमिनीवर बसतो, उकिडवा बसून शौचाला जातो, हाताने जेवतो. या फरकांचा विचार येथल्याच अनुभवावरून व्हायला हवा होता. खुर्चीवर बसून काट्या-चमच्याने जेवण्याचा सराव राळेगावच्या शेतकऱ्याला काय कामाचा?

कमलाबाईंचे निधन १९७९ साली झाले. भारतातील व्यवसायोपचाराचा आणि पुनर्वसनाचा इतिहास सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक त्यानंतर, १९८० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पुढचे १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंग वर्ष म्हणून जगभर पाळले, ते पाहायला त्या नव्हत्या.

त्यांच्या हयातीत एक गोष्ट राहून गेली आणि ती लहान नव्हती. संघटनेचे सदस्यत्व ऐच्छिक होते. तिची मानके तिच्या सदस्यांना आणि तिने मान्य केलेल्या शाळांना बांधून ठेवत, पण सदस्य न होता, काहीही न शिकता कुणी व्यवसायोपचारक म्हणून पाटी लावली तर त्याला रोखणारा कायदा नव्हता. डॉक्टरांना नोंदणी सक्तीची, परिचारिकांना सक्तीची, औषध विक्रेत्यांनाही सक्तीची. ज्यांच्या हाती रुग्ण महिनोन् महिने असतो त्यांच्यासाठी मात्र काहीच नाही, अशी विचित्र स्थिती अर्धशतक टिकली. महाराष्ट्राने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा कायदा केला तो २००२ सालचा, अंमलात यायला आणखी दोन वर्षे गेली. सर्व देशासाठी आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांचा कायदा २०२१ मध्ये झाला. कमलाबाईंनी संघटना स्थापन केली त्याला तेव्हा एकोणसत्तर वर्षे झाली होती.

मापे ठरवण्यातील ही दिरंगाई यंत्रांच्या बाबतीतही दिसते, असे जाता जाता म्हणायला हरकत नाही. मळणी यंत्रात हात जाऊ नये म्हणून यंत्राची रचना कशी असावी आणि अपघात झाल्यास भरपाई कशी मिळावी, हे सांगणारा धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा १९८३ सालचा आहे. तो किती शेतकऱ्यांना ठाऊक आहे?

कायदा झाला, नोंदणी आली, पदविकेची पदवी झाली. मुंबईत महापालिकेच्या तीन वैद्यकीय महाविद्यालयांत हे शिक्षण सुरू झाले. विदर्भासाठी मात्र नागपूरचे मेडिकल हेच मुख्य ठिकाण राहिले. राळेगावहून ते शंभराहून अधिक किलोमीटर. हात दुखावलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा यायला सांगितले तर तिकिटाचे पैसे, सोबतच्याची बुडालेली मजुरी आणि पेरणीचे दिवस यांचा हिशेब आड येतो. तो एकदा येतो, पट्टी घेतो, व्यायाम समजून घेतो आणि पुन्हा फिरकत नाही. दीर्घकालीन पुनर्वसन या शब्दातील दीर्घ हा भाग तालुक्यात पोहोचलेला नाही. कमलाबाईंनी आग्रहाने राखलेला दर्जा तेथवर नेण्यासाठी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत पदे निर्माण व्हावी लागतात आणि ती भरलीही जावी लागतात. हे संघटनेच्या हातचे नाही, शासनाच्या हातचे आहे.

महाराष्ट्रात आज निंबकर हे नाव घेतले की लोकांना शेती आठवते, शेळ्या-मेंढ्या आठवतात किंवा फलटणची शाळा आठवते. मॅक्सीन बर्नसन या आणखी एका अमेरिकेतून येऊन मराठी झालेल्या विदुषीने फलटणला १९८६ साली मराठी माध्यमाची एक शाळा सुरू केली आणि तिला कमला निंबकर बालभवन असे नाव दिले. मुलांना अर्थ समजून वाचायला-लिहायला शिकवणारी शाळा म्हणून ती शिक्षणक्षेत्रात नावाजली गेली आहे. पाटीवरच्या त्या नावाची बाई परळच्या आणि नागपूरच्या रुग्णालयांत मोडलेल्या हातांना पुन्हा अक्षर गिरवायला शिकवणारी शाळा काढून गेली होती.